वाचून दाखवलेली बातमी

परवा लोहाऱ्याच्या वळणावर माझ्यापुढे कापसाचा ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉली इतकी भरलेली की वरची जाळी पोटासारखी फुगली होती आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक बाभळीला घासत होती. ट्रॅक्टर पुढे गेला, मागे बाभळींना कापूस लागला. दर वर्षी लागतो. नवीन माणसाला वाटावं, इथली बाभूळही हंगाम आला की बोंडं धरते. घरी पोचले तेव्हा एक पुंजकं स्कूटीच्या आरशामागे अडकलेलं दिसलं. मी ते फेकलं नाही. आता ते ऑफिसच्या टेबलावर आहे. बोटांनी दाबलं की आतली सरकी लागते.

वेचणीचे दिवस मला आवडतात, पण हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक कारण विचारतात, आणि कारण सांगायचं तर माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागते.

आमचं ऑफिस यवतमाळात एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे, दोन खोल्यांचं. मनोहरकाका तिथून साप्ताहिक काढतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. छापील अंक आता चार पानांचा राहिला आहे, रोजच्या बातम्या मोबाईलवरच्या आमच्या पानावर जातात. ज्या लाकडी पेट्यांच्या घरांमध्ये पूर्वी छपाईचे शिशाचे खिळे असायचे, त्यांत आता चार्जर असतात, पेन ड्राइव्ह असतात आणि काकांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या. पाऊस उघडून हवा कोरडी झाली की त्या घरांच्या लाकडाला अजून शाईचा वास येतो. चार वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हाही तोच वास होता.

काकांची कामाची एक रीत आहे. बातमी लिहून झाली की ती छापायच्या आधी, ज्यानं सांगितली त्याला वाचून दाखवायची. फोन लावायचा, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि म्हणायचं, "ऐका हं, वाचतो." मग ते सगळी बातमी वाचत, स्वल्पविरामाला थांबत, जणू रेडिओवरच बसलेत. पलीकडचा माणूस कधी म्हणे, बरोबर आहे. कधी म्हणे, "काका, बैल मेला नाही हो, लंगडा झाला. मेला म्हणसाल तं पाहुणे भेटाले येतीन." काका हसत आणि बैलाला जिवंत करत.

"तोंडातून निघालेलं माणसाचं असते," ते मला म्हणाले होते. "आपल्या हाती आलं की आपलं होऊन जाते. मधात एकदा त्याले परत दाखवावं. चोरी होत नाही मंग."

मला हे पटलं होतं. फक्त जमत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोललं की आम्हाला वर्गाबाहेर उभं करत, आणि मी तशीही कमी बोलणारी, त्यामुळे मला फारसा फरक पडला नाही. मराठी मी लिहायला शिकले ती हळूहळू, एकटीनं. लिहिताना कुणी बघत नाही. पण मोठ्यानं वाचताना मी जोडाक्षरापाशी अडखळायचे, एकाच ओळीवर दोनदा यायचे. चार घरं पलीकडच्या काकूंनासुद्धा मी कधी लग्नपत्रिका वाचून दाखवली नव्हती. अनोळखी माणसाला फोन करून स्वतःचं मराठी ऐकवायचं या विचारानंच माझे तळहात ओले व्हायचे. पहिल्या महिन्यात मी दोन-तीन छोट्या बातम्या वाचून न दाखवताच पुढे पाठवल्या. काही झालं नाही. मग ती सवय झाली. काकांनी विचारलं की मी म्हणायचे, "रेंज नव्हती." आमच्या जिल्ह्यात या उत्तरावर कुणी संशय घेत नाही.

अशात राळेगाव तालुक्यातल्या एका गावाची बातमी आली. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि आता तिथल्या सगळ्यांशी माझं बरं आहे.

गावात पाण्याची नवीन टाकी झाली होती, आभाळी रंगाची. तिच्याखाली फ्लेक्स होता. त्यावर गावचे पुढारी बंडूभाऊ हात जोडून उभे, आणि मोठ्या अक्षरांत, 'गावाची तहान भागली.' एसटीतून उतरले तर आधी तो फ्लेक्स, मग वावरांतून जाणारी पांदण, मग दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, कापसाची झाडं. पांढऱ्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे मला शाळेतल्या रंगपेटीनं कधी सांगितलं नव्हतं. फुटलेलं बोंड दुधासारखं, कालचं थोडं पिवळसर, दवात भिजलेलं राखाडी.

एका वावरात सात बाया वेचत होत्या. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहिले. लाजाळू माणसाचा एक फायदा असतो. तो नुसता उभा राहिला तरी लोकांना वाटतं, बिचारीला काही विचारायचं आहे.

"इकडं ये व पोरी," त्यातली एक म्हणाली. उंच, काटक, कपाळावर घामाची रेघ. त्या वच्छलाबाई. "उभी राहून काय फोटो काढतं? ओटा बांधता येते का?"

येत नव्हता. त्यांनी माझ्या कमरेला ओढणीचाच ओटा बांधला, पुढे झोळी राहील असा, आणि मला एक तास दिली. तास म्हणजे पऱ्हाटीची रांग, हेही तेव्हाच कळलं. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांना टोकं असतात. पाचव्या बोंडाला माझ्या बोटातून रक्त आलं. सातही जणी हसल्या, मग एकीनं तंबाखूच्या डबीतला चुना लावून दिला.

नळाचं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"नळ आला ना," वच्छलाबाई म्हणाल्या. हात चालूच होते. "घरोघरी आला. तोटी फिरवली की सूं सूं हवा येते. पाणी पहाले नाही. मी म्हणलं, राहू द्या बापा, उन्हाळ्यात पंख्याचं काम करन."

बाकीच्या अशा हसल्या की पलीकडच्या वावरातले बगळे उडाले. पाणी त्या अजूनही त्याच वावराच्या विहिरीवरून नेत होत्या. वावर बंडूभाऊंच्या शेजाऱ्याचं होतं. दोन दिवसांनी याच सात जणी बंडूभाऊंच्या वावरात जाणार होत्या, पहिल्या वेच्याला. हे मी ऐकलं, वहीत लिहिलं, आणि त्याचा अर्थ मला कळला नाही.

वच्छलाबाईंचा फोटो मी काढला, हंड्यासकट. बातमी एसटीतच लिहिली. 'नळाला हवा येते, पाणी नाही,' आणि खाली त्यांचं नाव. वाक्य इतकं चांगलं होतं की मला ते दुसऱ्या कुणाच्या आधी टाकायचं होतं. वाचून दाखवायला फोन लावायला हवा होता. रेंज होती, पूर्ण चार काड्या. मी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि राळेगाव यायच्या आत बातमी आमच्या पानावर टाकली.

संध्याकाळपर्यंत ती गावागावांच्या ग्रुपवर फिरत होती. मी घरी गच्चीवर बसून आकडा वाढताना बघत होते. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना बंडूभाऊंचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. ते सगळेच फोन स्पीकरवर घेतात, कानाशी धरला की त्यांना गरम लागतं.

"काका, एवढीशी गोष्ट हाय. डिलीट मारून टाका नं. कागदावर थोडीच छापली."

"तोच तं घोळ झाला बंडूभाऊ," काका म्हणाले. "कागदावर असती तं तुम्ही फोनच केला नसता. चुपचाप चिवडा बांधला असता तिच्यात."

"मजाक नका करू. मोटरचं कनेक्शन बाकी हाय फक्त. गावाची बदनामी होऊन राह्यली."

"मंग तेच सांगा. मोटरचं कनेक्शन बाकी हाय. तुमच्या नावानं टाकतो, वाचूनही दाखवतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. काका माझ्याकडे वळले. "वच्छलाबाईले वाचून दाखवली होती नं?"

झेरॉक्सच्या मशीनचा खालून येणारा आवाज मला अजून आठवतो. 'रेंज' हा शब्द तोंडाशी आला होता. मी म्हटलं, "नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या जा. फोनवर नाही, तोंडासमोर वाच. ते म्हणन काढा, तं काढू. म्हणन राहू द्या, तं राहू देऊ. त्या बाईच्या घासाची गोष्ट हाय, आपल्या अन् बंडूभाऊच्या हट्टाची नाही."

पण त्याच संध्याकाळी आमचं पानच बंद झालं. पुष्कळ जणांनी मिळून त्याविरुद्ध तक्रारी नोंदवल्या होत्या. पान चालवणाऱ्या कंपनीचा एक संदेश आला, इंग्रजीत. काकांनी तो मला वाचायला दिला, कारण तेवढं मला न अडखळता येत होतं. फार नम्र संदेश होता. कोणत्या वाक्याला हरकत आहे, कुणाची आहे, काही लिहिलं नव्हतं. खाली सही नव्हती. काका म्हणाले, पूर्वी बातमी दाबायची तर माणसाला जिना चढून यावं लागे. समोर बसावं लागे, चहा घ्यावा लागे, डोळ्यांत बघून खोटं बोलावं लागे. आलेल्यांतले निम्मे चहा पिऊन तसेच परत जात. आता जिना कुणी चढत नाही.

मी त्यावर नंतर खूप विचार केला. मला स्वतःला समोरासमोर यायची भीती वाटते, म्हणून तर मी फोन उलटा ठेवला होता. न दिसता बातमी टाकणारी मी, आणि न दिसता ती बंद पाडणारे ते. आमच्यात मला वाटत होतं तेवढं अंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. त्या दिवशी बंडूभाऊंच्या वावरात सीतादही होतं. आमच्याकडे पहिला कापूस वेचायच्या आधी वावरात दहीभात नेतात, पूजा करतात, मगच पहिलं बोंड तोडतात. म्हणजे यावेळी सातही जणी वावरात असायला हव्या होत्या. पण त्या मला बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या. वेचणीच्या दिवसांत सकाळी बसलेल्या बाया बघितल्या की काहीतरी बिनसलंय हे मलासुद्धा कळतं.

बंडूभाऊंचा निरोप आला होता. सहा जणींनी यावं, वच्छलाबाईंनी येऊ नये. फक्त आजच नाही, हंगामभर. सहा जणींचं जावं की न जावं ठरत नव्हतं. ओटे कमरेला बांधलेले होते आणि पाय हलत नव्हते.

मी वच्छलाबाईंच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "बातमी वाचून दाखवायची राहिली होती."

"आता?" त्या म्हणाल्या. "वरात गेल्यावर अक्षता टाकतं काय व?"

पण त्यांनी डोळे मिटले आणि ऐकायला बसल्या. मी वाचलं. दोन ठिकाणी अडखळले, एक ओळ दोनदा वाचली. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झालं? एवढ्यासाठी लपून राह्यली होती?"

"चुकलं माझं."

"शब्द माह्याच तोंडचे हायेत. त्याच्यात काही चुकलं नाही." मग त्यांनी डोळे उघडले. "पण नाव एकलीचंच काहून टाकलं? आम्ही सात जणी होतो. पहिलेच वाचली असती तं सातही नावं सांगतली असती मी. एकलीले बाजूले काढाले सोपं जाते. सातांले काढलं तं कापूस कोण येचते?"

काकांनी मला रीत सांगितली होती, तिचं इतकं साधं कारण सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही असं सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, आता बदलताही येणार नाही, आमचं पान बंद पडलंय. बातमी कुठंच दिसत नाही.

"मोबाईल बंद तं बंद," वच्छलाबाई म्हणाल्या. "फळा तं आपला हाय." 

विहाराच्या भिंतीवर वार्ताफलक आहे. त्यावर वाढदिवस असतात, लसीकरणाची तारीख असते, कधी चांगला विचार. त्या दिवशी कुणाच्या तरी नातवाचं बारसं होतं, ते त्यांनी पदरानं पुसलं. बारसं होऊन गेलेलं होतं. रेखाताई त्या सात जणींतल्याच, बचत गटाच्या सचिव, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी खडू घेतला. मी एक एक वाक्य वाचत गेले, त्या लिहीत गेल्या. फळ्यावर लिहायचं म्हणजे सावकाश वाचावं लागतं, आणि सावकाश वाचलं की मी अडखळत नाही, हे मला तिथे समजलं.

मग नावं. वच्छलाबाईंचं लिहून झालं आणि खडू थांबला.

"माह्यं लिव," एक म्हणाली. "हवा तं माह्याही नळाले येते."

"माह्यं लिवलं तं नवरा बोंबलन."

"तो तं तसाही बोंबलते. लिव वं रेखे."

सातवं नाव रेखाताईंनी स्वतःचं लिहिलं, सगळ्यात शेवटी, थोडं बारीक.

खडू खाली ठेवला आणि पांदणीकडून सुभद्राकाकी आल्या. बंडूभाऊंच्या आई. हातात काठी, डोक्यावर पदर, तोंडानं आधीच सुरू. "ऊन डोक्यावर आलं, दही आंबून राह्यलं, अन् बाया कुठी हायेत?" मागून बंडूभाऊ मोटरसायकलवर. फ्लेक्सवर दिसतात त्यापेक्षा बारीक आणि बरेच थकलेले.

काकींनी फळा बघितला. त्यांना वाचता येत नाही. "काय लिवलं?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी तिसऱ्यांदा वाचलं. बंडूभाऊ समोर उभे असताना. सात नावांसकट. आवाज माझाच होता, पण यावेळी तो कुठंतरी टेकलेला होता.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "याच्यात खोटं काय हाय?" त्या म्हणाल्या. "आपल्याही नळाले हवाच येते. काल तं मी पोथीचं पान उडालं म्हणून तोटी बंद केली."

हे बहुधा त्यांनी तिथंच रचलं. पायऱ्यांवर हसू फुटलं. बंडूभाऊ मोटरसायकलचा आरसा नीट करायला लागले.

"अन् आई, गावात इज्जत..." ते म्हणाले.

"इज्जत मंग पाहू. पहिले कापूस पाह्य. तिकडं ढगं आले." मग काकी वच्छलाबाईंकडे वळल्या. "चाल वच्छले. मी या वावरात आली तवापासून पहिलं बोंड तुह्या सासूच्या हातचं होतं, अन् मंग तुह्या. पूजा माही, हात तुहा. ह्या बंड्याच्या फोटोपायी रीत मोडू काय?"

"सातही येऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. जागेवरून उठल्या नाहीत.

"सातच तं पाह्यजे. सहात कोणी कापूस येचते काय?"

बंडूभाऊंनी गाडी सुरू केली. जाताना एकदा मान हलवली, कुणाकडेही न बघता. आमच्याकडे होकार असाही देतात.

मी त्यांच्यामागून वावरात गेले. काकींनी धुऱ्यापाशी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. वच्छलाबाई दोन हात अंतरावर ताठ उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, आणि जोडावेत अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. त्यांच्या सासऱ्यांनीच तो विहार बांधायला विटा वाहिल्या होत्या. पूजा झाल्यावर काकी बाजूला झाल्या. वच्छलाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पहिलं बोंड वेचलं. बोंडातून कापूस निघताना आवाज होतो, फार बारीक, कानाशी धरला तरच ऐकू येणारा. त्या दिवशी सगळे इतके गप्प होते की तो मला उभ्यानं ऐकू आला.

नंतर दहीभात खाल्ला. आंबला होता. इतका चांगला दहीभात मी पुन्हा खाल्लेला नाही.

आमचं पान काही आठवड्यांनी उघडलं, बंद झालं तसंच, कारण न सांगता. काकांनी बातमी पुन्हा टाकली, सात नावांनिशी. फळ्यावरची मात्र कुणी पुसलीच नाही. वाढदिवस कोपऱ्यात लिहिले जायचे. खालच्या दोन ओळी शेळ्यांनी अंग घासून पुसल्या, तेवढंच. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे धैर्याचं काम. मी धीट नाही. अजूनही बैठकीत मागच्या खुर्चीवर बसते, अजूनही फोन वाजला की आधी नाव बघते. पण रोज कुणाला तरी वाचून दाखवते. लोक सुधारणा सांगतात, भांडतात, कधी म्हणतात, "हे नको टाकू पोरी, सुनेले वाईट वाटन." मी ते काढते. ज्याची बातमी आहे तो काढा म्हणाला तर काढायची आणि ज्याला ती अडचणीची आहे तो म्हणाला तर नाही, एवढाच फरक मला स्वातंत्र्याबद्दल नक्की कळला आहे. तेवढ्यावर माझं भागतं.

काल दुपारी हे पुंजकं हातात घेऊन बसले होते, आणि वच्छलाबाईंचा फोन आला. मागे बायांचा आवाज, म्हणजे वावरातूनच.

"लिवून घे," त्या म्हणाल्या. "नळाले पाणी आलं."

"खरंच?"

"मंग काय खोटं? महिना झाला. वाट पाहून राह्यली होती, टिकते का नाही. टिकलं. वाईट छापलं तं चांगलंही छाप."

मी भराभर लिहिलं. खूप आनंद झाला होता, आणि आनंदात मी चांगली वाक्यं लिहिते. मग फोन लावला आणि म्हटलं, "ऐका हं, वाचते." पलीकडे गडबड थांबली. त्यांनी मोबाईल स्पीकरवर टाकला असावा, कारण कुणीतरी 'चूप व' म्हणालं. मी वाचलं, "चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर गावात घरोघरी पाणी पोचले असून..."

"थांब, थांब," वच्छलाबाई म्हणाल्या. "एक दिवसाआड येते. रोज नाही."

"एक दिवसाआड लिहू?"

"मंग? जसं हाय तसं लिव. नाही तं तुह्यात अन् त्या फ्लेक्सात फरक काय राह्यला?"

मी 'एक दिवसाआड' लिहिलं आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले.